जांभळे ओठ

आमच्या शाळेच्या मागे एक जांभळीचे झाड आहे. ते कोणी लावले, कधी लावले, हे गावात कोणालाच ठाऊक नाही. पण जूनमध्ये शाळा उघडायला आणि त्याची जांभळे पिकायला नेहमी एकच गाठ पडते. मृगाचा पाऊस, नव्या पुस्तकांचा वास आणि जांभळे अशी तिन्ही एकदम आली म्हणजे मास्तरांनी काय शिकवावे आणि पोरांनी काय शिकावे! हजेरीपट उघडावा तो निम्मा वर्ग झाडावर.

मी त्या वेळी शाळेत नवाच लागलो होतो. वय बाविशीचे, शिक्षण मॅट्रिकपुरते आणि अंगात शिस्तीचे वारे. एके दिवशी मधली सुट्टी संपून पाव तास झाला तरी मुले परत येईनात, तेव्हा मी रागारागाने सगळ्यांना पटांगणात ओळीने उभे केले. प्रत्येकाला तोंड उघडायला लावले. ज्याचे ओठ जांभळे, त्याने शाळेला दोन फेऱ्या पळत घालायच्या, अशी शिक्षा फर्मावली. त्या ओळीत पहिलीतली एक किडकिडीत मुलगी होती. मी तिच्यापुढे उभा राहून विचारले, "काय गं, तूही गेली होतीस ना झाडाखाली?" तिने मान हलवून नाही म्हटले. तिचे ओठ सगळ्यांत अधिक जांभळे होते. "वर खोटे बोलतेस?" मी म्हणालो, आणि तिलाही पळायला लावले.

अर्धी फेरी झाली नसेल, ती मध्येच उकिडवी बसली. गुडघे छातीशी घेऊन, मान खाली घालून, लहान मुले पावसात बेडूक पाहायला बसतात तशी. मी वरून ओरडलो, "नाटक पुरे, ऊठ!" ती उठली. काही बोलली नाही. उरलेली फेरी तिने चालत पुरी केली.

पुढे श्रावण आला, गेला. जांभळे केव्हाच संपली होती. गणपती विसर्जन होऊन शाळा पुन्हा भरली, त्या दिवशी मी पाढे म्हणून घेत होतो आणि माझी नजर सहज त्या मुलीकडे गेली. तिचे ओठ तसेच जांभळे होते.

दिवाळीच्या दिवसांत आजारपणाच्या गोष्टी काढू नयेत असे आमच्या घरातून नेहमी बजावले जाते. पण ही गोष्ट वाचून फराळ कडू होईल असे मला वाटत नाही. म्हणून मी ती सांगणार आहे. आणि माझ्या त्या चुकीमुळे पुढे वीसपंचवीस वर्षे शब्दकोश मांडीवर घेऊन जे जे वाचीत गेलो, त्यातून हाती लागलेला एक इतिहासही सांगणार आहे.

मुलीला घेऊन तिच्या आईबरोबर मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिची बोटे पाहिली. टोकाशी ती ढोलाच्या टिपरीसारखी गोल फुगलेली होती. मग बराच वेळ नळी लावून छाती ऐकली आणि विचारले, "खेळताना मध्येच उकिडवी बसते का?" माझ्या छातीत चर्र झाले. आईच्या आधी मीच 'होय' म्हणालो.

घरी परतल्यावर म्हातारी आजी ओसरीवरच होती. सगळे ऐकून ती म्हणाली, "मास्तर, मी तेव्हाच सांगत होते. ग्रहणात हिने विळी हातात धरली. पोटातल्या पोराला ते भोवलं." आई काही बोलली नाही. लेक उठताना काही बोलली नव्हती, तशीच ही. एवढी सात वर्षे ती हा आरोप ऐकत आली असावी, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते.

ग्रहणाचा आणि या व्याधीचा काही संबंध नाही. गर्भाचे हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडून जाते. पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे नीट कळण्यापूर्वीच. त्या घडणीत कोठे तरी सांधा चुकतो. का चुकतो, याचे कारण बहुतेक मुलांत सापडत नाही. काहींच्या बाबतीत बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळालेला आढळतो. विळीकोयत्याशी त्याचे काही नाते नाही. दहा हजार जन्मांत तीनचार मुलांच्या वाट्याला ही व्याधी येते, मग ते घर न्यूयॉर्कमधले असो की आमच्या गावातले.

डॉक्टरांनी मला कागदावर हृदय काढून दाखविले. आमच्याकडची मंडळी पाटाच्या पाण्यावर शेती करणारी, तेव्हा मी ते पाटाच्याच भाषेत समजून घेतले. हृदय हे चार खोल्यांचे घर. सर्वांगातून फिरून आलेले, प्राणवायू संपलेले काळसर रक्त उजवीकडच्या खोल्यांत येते. तेथून ते फुप्फुसांकडे जाते, ताजे लालभडक होते, डावीकडच्या खोल्यांत परतते आणि महारोहिणीतून साऱ्या शरीराला मिळते. उजवे-डावे एकमेकांत मिसळायचे नाही. मध्ये भक्कम भिंत आहे. या मुलांमध्ये एकाच वेळी चार दोष असतात. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. खालच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक असते. महारोहिणी त्या भोकावरच दोन्हींकडे पाय टाकून बसलेली असते. आणि अरुंद वाटेतून रक्त रेटता रेटता उजव्या खालच्या खोलीची भिंत जाड होऊन जाते. फुप्फुसांचा पाट तुंबला म्हणजे काळे रक्त भोकातून महारोहिणीत शिरते आणि न धुताच अंगभर फिरते. ओठ जांभळे दिसतात ते त्यामुळे.

आणि ते उकिडवे बसणे? तसे बसले की मांड्यांमधल्या रक्तवाहिन्या दबतात, अंगाकडची वाट थोडी अडते, आणि मग रक्त नाइलाजाने फुप्फुसांच्या अरुंद वाटेकडे अधिक वळते. श्वास सावरतो. हा उपाय या मुलांना कोणी शिकवीत नाही. त्यांचा तो त्यांनाच सापडतो. ज्याला मी नाटक म्हणालो होतो, ते त्या पोरीचे औषध होते.

या व्याधीला फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टराचे नाव आहे. तशी सतराव्या शतकात डेन्मार्कच्या निकोलस स्टेनोनेही असे हृदय पाहून लिहून ठेवले होते. पण १८८८ साली मार्सेय शहरात एतिएन फॅलो याने जिवंतपणी निळ्या असलेल्या रोग्यांची हृदये मृत्यूनंतर उघडून पाहिली आणि हे चार दोष एकत्र येतात असे ठामपणे मांडले. कारण समजले. उपाय मात्र काहीच नव्हता. आणखी छप्पन्न वर्षे डॉक्टर निदान करीत आणि आईबाप वाट पाहत. यांतली बहुतेक मुले दहाबारा वर्षांपलीकडे जात नसत.

उपाय निघाला तो अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, १९४४ साली. तो शोधणाऱ्या माणसांची हकीकत वाचताना मला एक गोष्ट राहून राहून जाणवली. दार लावून घेतलेल्या घरांबाहेर जी माणसे उभी होती, त्यांतलीच काही आत शिरून हे काम करून गेली.

त्यांतली पहिली कॅनडाची. मॉड अॅबट तिचे नाव. माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने बाई म्हणून तिला प्रवेश नाकारला. तिने दुसऱ्या महाविद्यालयातून १८९४ साली पदवी मिळविली आणि पुढे त्याच मॅगिलच्या वैद्यक संग्रहालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. व्यवस्था म्हणजे काय, तर बरण्यांतून ठेवलेले मृतांचे अवयव नीट लावणे. कोणी ते काम कंटाळून केले असते. अॅबटबाई त्या बरण्यांतल्या बिघडलेल्या हृदयांपुढे आयुष्यभर बसल्या. १९३६ साली त्यांनी जन्मजात हृदयदोषांच्या एक हजार रुग्णांची नोंद असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या हेलन टाउसिग या तरुण डॉक्टरीणबाई त्यांच्याकडून शिकून गेल्या.

टाउसिगबाईंची कथा मास्तर या नात्याने मला फार जवळची वाटते. लहानपणी त्यांना वाचता येत नसे. अक्षरे जागच्या जागी राहत नसत. अकरा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली. वडील हार्वर्डमध्ये अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. त्यांनी शेजारी बसवून, न रागावता, मुलीला वाचायला शिकविले. आमच्या वर्गातून अशी किती पोरे 'ढ' म्हणून मागच्या बाकावर जातात, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. हार्वर्डच्या वैद्यकशाळेत त्या काळी स्त्रियांना पदवी मिळत नसे. म्हणून त्या हॉपकिन्सला आल्या, १९२७ साली डॉक्टर झाल्या आणि १९३० मध्ये तेथील बालरुग्णालयाचा हृदयविभाग त्यांच्याकडे आला. तेवढ्यात कानांनी दगा दिला. हृदयाच्या डॉक्टरला ऐकू येईनासे होणे म्हणजे गवयाचा गळा जाण्यासारखेच. बाईंनी मग बोटांनी ऐकायला सुरुवात केली. मुलाच्या छातीवर हळूच तळवा ठेवून त्या ठोक्यांतली थरथर ओळखीत.

अशा शेकडो निळ्या मुलांच्या छातीवर हात ठेवता ठेवता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही. म्हणून फुप्फुसांची रोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी एक छोटी नळी निसर्गाने ठेवलेली असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. काही निळी मुले जन्मल्यावर थोडे दिवस बरी असत आणि ही नळी मिटली की एकदम निळी पडत. म्हणजे ती नळी त्यांना जगवीत होती! महारोहिणीतले रक्त तिच्यातून फुप्फुसांकडे वळत होते. १९३८ साली बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी एका मुलीची न मिटलेली नळी शस्त्रक्रियेने बांधून टाकली होती. बाईंनी उलटा विचार केला: नळी बंद करता येते, तर नवी का करता येऊ नये? त्या ग्रॉसकडे गेल्या. त्यांना त्या कल्पनेत रस वाटला नाही. बाई परत आल्या आणि थांबून राहिल्या.

१९४१ साली डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक हे शस्त्रक्रियाविभागाचे प्रमुख म्हणून हॉपकिन्सला आले. त्यांच्याबरोबर त्यांचा एक साहाय्यकही आला. त्याचे नाव व्हिव्हियन टॉमस. माझ्या गोष्टीचा नायक हाच. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला नायक रंगविण्याची खोड असते, हे मी कबूल करतो. पण येथे मला रंग घालावा लागत नाही.

टॉमस १९१० साली लुइझियाना प्रांतात एका निग्रो सुताराच्या घरी जन्मले. वाढले टेनेसीतील नॅशव्हिल गावी. वडिलांच्या हाताखाली रंधा-पटाशी चालवून पैसे साठवायचे, कॉलेजात जायचे आणि डॉक्टर व्हायचे, असा बेत. १९२९ साली शाळा संपली. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने ते मॅट्रिक झाले. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि सुतारकाम सुटले. तात्पुरती म्हणून १९३० च्या फेब्रुवारीत त्यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. त्याच वर्षी बँक बुडाली. साठविलेली सारी शिल्लक तिच्याबरोबर गेली. तात्पुरती नोकरी जन्माची झाली.

काम होते शस्त्रक्रियांच्या प्रयोगांचे. थोड्याच महिन्यांत टॉमस प्राण्यांवर अवघड शस्त्रक्रिया एकटे करू लागले, मोजमापे घेऊ लागले, नोंदी लिहू लागले. अपघातानंतर रक्तदाब उतरून माणूस का दगावतो, यावरचे ब्लेलॉक यांचे जे संशोधन पुढे महायुद्धात असंख्य जखमींना उपयोगी पडले, त्यात त्यांचे हात होते. पण पगारपत्रकावर हुद्दा होता झाडूवाल्याचा. कातडीचा रंग पाहून हुद्दा ठरत असे. सुरुवातीलाच एकदा काही चुकले म्हणून ब्लेलॉक यांनी त्यांना शिवीगाळ केली. टॉमस यांनी शांतपणे सांगितले, मला असे बोलून घ्यायची सवय नाही. असेच चालणार असेल तर मी जातो. ब्लेलॉक यांनी पुन्हा तसे होणार नाही असा शब्द दिला, आणि पुढल्या चौतीस वर्षांत तो पाळला. मला हा प्रसंग वाचताना माझ्या पटांगणातला 'ऊठ!' आठवतो. त्या पोरीला असे काही म्हणायची सोय नव्हती.

बाल्टिमोरमध्ये तर वर्णभेद अधिकच. रुग्णालयात गोऱ्यांची प्रसाधनगृहे वेगळी, काळ्यांची वेगळी. काळा माणूस तेथे असायचा तो झाडलोटीला. टॉमस प्रयोगशाळेचा पांढरा डगला घालून इमारतीतून निघाले म्हणजे माणसे थांबून पाहत.

१९४३ साली टाउसिगबाई ब्लेलॉक यांच्याकडे आपली कल्पना घेऊन आल्या, तेव्हा टॉमस तेथेच होते. नळ जोडणारा कारागीर पाण्याची वाट फिरवतो, तशी या मुलांच्या रक्ताची वाट फिरवता येणार नाही का, असा बाईंचा सवाल होता. मौज अशी की, अशी एक जोडणी या दोघांनी १९३८ सालीच करून पाहिली होती. हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसांच्या रोहिणीला जोडून फुप्फुसांतला दाब वाढतो का, हे त्यांना पाहायचे होते. दाब वाढला नाही. प्रयोग फसला म्हणून वही मिटली गेली. आता तीच मिटलेली वही उघडली. आमच्याकडे एका पाटाचे पाणी आटले म्हणजे शेजारच्या भरल्या पाटातून चर खणून आणतात, तसाच हा प्रकार.

पण ते करायचे कोणी आणि कसे? काम टॉमस यांच्याकडे आले. आधी निरोगी कुत्र्यांत तशी निळी व्याधी निर्माण करायची, मग ती या जोडणीने हटते का ते पाहायचे. सुमारे दोनशे कुत्री या कामी लागली, आणि दीडदोन वर्षे. त्या मुक्या प्राण्यांचे देणे या गोष्टीत आहेच. ते झाकून ठेवू नये. त्यांतली अॅना नावाची कुत्री शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगली, आणि पुढे तिची तसबीर त्या संस्थेच्या भिंतीवर लागली. एवढ्या बारीक रक्तवाहिन्या शिवायला सुया नव्हत्या. सुताराच्या या मुलाने हाती असलेल्या सुया तोडून आखूड केल्या, घासून त्यांना नवी टोके काढली. हत्यार बेताचे नसेल तर ते स्वतःच करावे, हे तो घरूनच शिकून आला होता.

शेवटी आयलीन नावाची एक मुलगी रुग्णालयात आली. वय पंधरा महिने, वजन जेमतेम चार किलो. आपल्याकडचे तीन महिन्यांचे धडधाकट बाळ तिच्याहून जड भरेल. ती इतकी खालावली होती की थांबण्यात अर्थ नव्हता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी शस्त्रक्रिया ठरली. ब्लेलॉक यांनी स्वतः ही जोडणी कुत्र्यावर एकदाच केली होती, तीही टॉमस यांना मदतीला घेऊन. टॉमस यांनी मात्र ती कितीतरी वेळा केली होती. टॉमस त्या दिवशी खाली जायला तयार नव्हते. ब्लेलॉक यांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या उजव्या खांद्यामागे उभे केले. नीट दिसावे म्हणून पायाखाली एक स्टूल दिले.

तो देखावा मी मनाशी पुष्कळदा उभा केला आहे. टेबलावर ते एवढेसे बाळ. तिच्या रोहिण्या कुत्र्याच्या रोहिण्यांहूनही बारीक. शस्त्रक्रियाविभागाचा गोरा प्रमुख सुई उचलतो आणि मागे न पाहता विचारतो, टाका बरोबर पडला का? पगारपत्रकावर ज्याचा हुद्दा काही वेगळाच, तो मॅट्रिक झालेला काळा माणूस स्टुलावरून सांगतो, नाही, दुसऱ्या बाजूने घ्या. आणि प्रमुख तसा टाका घेतो. ब्लेलॉक यांच्या खात्यावर हेही लिहिले पाहिजे, की त्या क्षणी त्यांनी मान राखण्यापेक्षा मूल राखणे अधिक मोलाचे मानले.

जोडणी झाली, चिमटे सुटले. हाताकडे जाणारे रक्त फुप्फुसांकडे वळले. हळूहळू त्या मुलीच्या अंगावर रंग चढू लागला.

मी हा प्रसंग कादंबरीत लिहिला असता, तर ती मुलगी मोठी होऊन लग्नाच्या मांडवात उभी राहिली असती. इतिहास तेवढा उदार नसतो. काही महिन्यांनी आयलीन पुन्हा निळी पडली. दुसरी शस्त्रक्रिया झाली, पण ती वाचली नाही. मात्र तिने मिळवून दिलेले थोडे महिने इतरांना पुरले. १९४५ च्या फेब्रुवारीत एका सहा वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया झाली. चिमटे काढताच टेबलावरच त्याचे निळे ओठ गुलाबी झाले, आणि शुद्धीवर आल्यावर आता आपण उठू का, असे त्याने विचारले. पुढे देशोदेशींचे आईबाप निळी मुले कडेवर घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. वर्षभरात दोनशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

मे १९४५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या शस्त्रक्रियेचा लेख छापून आला. लेखक दोन: ब्लेलॉक आणि टाउसिग. शस्त्रक्रियेलाही त्या दोघांचीच नावे पडली. ब्लेलॉक त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. टाउसिगबाईंना तेथे पोचायला १९७३ साल उजाडले. टॉमस यांचे नाव लेखात कोठेच नव्हते. चरितार्थाला कमी पडे म्हणून ते ब्लेलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत पाहुण्यांना पेये देण्याचे काम करीत. त्यांतले काही पाहुणे दिवसा प्रयोगशाळेत त्यांच्याच हाताखाली शिवण शिकत असत.

होय, शिकत असत. ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. पुढे नावारूपाला आलेले कितीतरी हृदयशल्यविशारद टॉमस यांच्या हातून तयार झाले. ज्यांनी हृदयशस्त्रक्रियेत जगभर नाव काढले ते डेंटन कूली त्यांतलेच. ज्याला वैद्यकाचा विद्यार्थी कधी होता आले नाही, तो शल्यविशारदांचा मास्तर झाला. म्हणून मी मनातल्या मनात त्यांना टॉमसगुरुजी म्हणतो. १९७१ साली या शिष्यांनीच वर्गणी काढून गुरुजींचे तैलचित्र करविले आणि हॉपकिन्सच्या भिंतीवर ते ब्लेलॉक यांच्या चित्राच्या जोडीला आले. १९७६ साली विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. तीही कायद्याची, वैद्यकाची नव्हे. नोव्हेंबर १९८५ मध्ये ते वारले. त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर थोड्याच दिवसांत छापून बाहेर पडले. आता पुष्कळ डॉक्टर त्या जोडणीचे नाव घेताना तिन्ही नावे घेतात, आणि २००५ पासून हॉपकिन्सच्या वैद्यक विद्यार्थ्यांचे जे चार गट केले जातात, त्यांतला एक टॉमस यांच्या नावाचा आणि एक टाउसिगबाईंच्या नावाचा आहे.

टाउसिगबाई मात्र स्वस्थ बसल्या नाहीत. १९६२ साली युरोपात थॅलिडोमाइड नावाच्या गोळीमुळे हातपाय खुरटलेली बाळे जन्मत आहेत असे कानी येताच, त्या जर्मनीला जाऊन स्वतः पाहून आल्या आणि मायदेशी परतून जागोजाग सावध करीत फिरल्या. तेथेही आयांना काही कारण नसता अपराधी वाटत होते. अपराध गोळीचा होता.

ती बाल्टिमोरची जोडणी म्हणजे मूळ दुखणे बरे करणे नव्हे, हेही सांगायला हवे. भिंतीतले भोक तसेच राही. फक्त मूल जगे, वाढे. मूळ दुरुस्ती प्रथम १९५४ साली मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी केली. हृदय उघडून काम चालू असताना दुसऱ्या एका धडधाकट माणसाचे हृदय त्या मुलासाठीही रक्त फिरवीत होते. पुढे ते काम यंत्राने उचलले, आणि आता ही दुरुस्ती बहुधा मूल वर्षाचे होण्याआधीच होऊन जाते.

आमच्या मुलीला सातव्या वर्षी डॉक्टर भेटले. म्हणजे तसा उशीरच. पैसे जमवायला दोन वर्षे लागली. गावाने वर्गणी दिली, एका संस्थेने मदत केली, आणि मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिचे हृदय उघडून दुरुस्त झाले. मी बाहेर बाकावर तिच्या आईशेजारी बसलो होतो. संध्याकाळी काचेतून तिला दुरून पाहिले. ओठ फिकट होते, पण जांभळे नव्हते. आई तेव्हा प्रथम माझ्याशी आपणहून बोलली. म्हणाली, "गुरुजी, ग्रहणाचं नव्हतं ना?" मी म्हणालो, "नव्हतं, वहिनी." ती पदर तोंडाला लावून रडली. लेक वाचली म्हणून की सात अधिक दोन वर्षांचे ओझे उतरले म्हणून, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

ती मुलगी शिकली, शेजारच्या गावी दिली, तिला मुलगा झाला. आता ती आमच्याच गावी राहायला आली आहे. गेल्या जूनमध्ये ती मुलाचे नाव पहिलीत घालायला शाळेत आली. मी हजेरीपटात नाव लिहून घेतले आणि वर पाहिले, तो माझा हात थबकला. पोराचे ओठ जांभळे होते. मी चटकन त्याची बोटे हातात घेतली, टोके चाचपली. माझ्या मनात काय आले हे तिने ओळखले असावे.

"गुरुजी," ती हसून म्हणाली, "झाडाखालूनच आलो आम्ही. ऐकतोय कुठे!"

तरी मी अंगठ्याने त्याचा ओठ पुसून पाहिला. रंग माझ्या अंगठ्यावर आला.